एक पौंड धान्याचा हिशोब
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत आपण कधी ना कधी बसलेले असता. श्रीगोंदा मागे टाकून गाडी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पुढे जाते. खिडकीबाहेर माळरान, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, पुन्हा माळरान. या लोहमार्गावरून गाड्या सुरू झाल्या १८७८ साली. त्याच्याखालचा मातीचा भराव मात्र आधीच्या दीड-दोन वर्षांत टाकला गेला आणि तो टाकणारी बरीचशी माणसं रेल्वेचे नेहमीचे मजूर नव्हती. ती होती दुष्काळानं घरदार सोडायला लावलेली शेतकरी कुटुंबं. त्यांना दिवसाला किती धान्याची मजुरी द्यायची, यावरून त्या वेळी कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि लंडन या चार ठिकाणी मोठा वाद झाला. आज मी आपल्याला त्या वादाबद्दल सांगणार आहे.

वाद समजून घ्यायचा तर थोडं मागं जायला हवं. १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला. व्यापारी धान्य आणतील, सरकारनं मध्ये पडू नये, असं बंगालच्या अधिकाऱ्यांचं मत होतं. व्यापाऱ्यांनी धान्य आणलं नाही. सरकार जागं झालं तोवर पावसाळा सुरू झाला होता. किनाऱ्याला जहाजं लागेनात आणि बैलगाड्या चिखलात रुतल्या. सुमारे दहा लाख माणसं दगावली. या प्रकाराचा सरकारच्या मनावर खोल ओरखडा उमटला. म्हणून १८७३च्या अखेरीस बिहारमध्ये पीक बुडाल्याची चिन्हं दिसताच व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी ठरवलं की या वेळी हयगय करायची नाही. काम सोपवलं सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे. हे नाव लक्षात ठेवा.

टेंपल यांनी ब्रह्मदेशातून चार लाख टनांहून अधिक तांदूळ आणवला, तो गावोगाव पोचवला आणि सढळ हातानं कामं काढली. काम न होणाऱ्यांना घरी मदत दिली. खर्च आला सुमारे ६५ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानं साडेसहा कोटी रुपये. उपासमारीचे बळी सरकारदफ्तरी नोंदले गेले फक्त २३! आकडा कागदावरचा आहे, तो थोडा कमी-जास्त धरू. तरीही एकोणिसाव्या शतकात इंग्रज राजवटीत इतका यशस्वी दुष्काळ-निवारणाचा दुसरा प्रयत्न सापडणार नाही.

बक्षीस काय मिळालं असेल? शिव्या मिळाल्या. दुष्काळ अंदाजापेक्षा सौम्य निघाला, धान्य उरलं आणि ते तोट्यात विकावं लागलं. लंडनमध्ये आणि कलकत्त्यात टीका सुरू झाली की हा माणूस उधळ्या आहे. माणसं मेली नाहीत याचाच अर्थ खर्च गरजेपेक्षा जास्त झाला, असा काहीसा तर्क होता. हिशोबाच्या वहीत जमेच्या बाजूला ‘न मेलेली माणसं’ असा रकाना नसतो, ही यातली खरी अडचण. खर्च दिसतो. जो मेला नाही, तो दिसत नाही; तो आपला शेतात काम करत असतो.

आता १८७६. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसानं दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, पुणे आणि सातारा जिल्ह्यांचे पूर्वेकडचे तालुके, खाली कलादगी, बेळगाव, धारवाड, शिवाय मद्रास इलाखा आणि म्हैसूर, एवढा मोठा मुलूख होरपळला. आपल्याकडचा शेतकरी आधीच मोडकळीला आला होता. वर्षभरापूर्वीच, मे १८७५मध्ये, सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले होते आणि त्यानंतर सावकारांनी हात आखडता घेतला होता. घरात दाणा नाही आणि बाहेर पत नाही, अशी अवस्था होती. जनावरं कवडीमोलानं विकली गेली. मग भांडी विकली, मग घराची लाकडं. शेवटी माणसं निघाली सरकारी कामांवर.

व्हाइसरॉय आता लॉर्ड लिटन होते. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी होत्या: १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरणारा, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार आणि तिजोरीची ओढाताण. मद्रास सरकारनं एका व्यापारी पेढीमार्फत गुपचूप ३० हजार टन धान्य खरेदी केलं, तेव्हा पुन्हा असं करायचं नाही अशी तंबी त्याला मिळाली. भाव खाली आणण्यासाठी सरकारनं बाजारात कोणतीही ढवळाढवळ करायची नाही, हा नियम ठरला. आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला दक्षिणेत पाठवण्यासाठी लिटन यांनी निवड केली सर रिचर्ड टेंपल यांची.

बिहारच्या टीकेनं पोळलेल्या माणसाला या वेळी आपण काटकसरी आहोत हे सिद्ध करायचं होतं, असं मला त्यांच्या त्या वर्षीच्या वागण्यावरून वाटतं. जानेवारी १८७७मध्ये ते निघाले आणि मद्रास इलाख्यातल्या कामांवरून मोठ्या संख्येनं माणसं कमी करत सुटले. मग त्यांनी मजुरीचा दर सुचवला. दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर मीठ-मिरचीपुरते थोडे पैसे. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. तोवर मद्रासकडे दीड पौंडाचा हिशोब धरला जात होता. इतिहासात या दराला ‘टेंपल वेज’ असं नावच पडलं आहे.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, सरकारी मापानं जेमतेम अर्धा शेर. साडेचारशे ग्रॅम ज्वारीच्या मध्यम आकाराच्या चार-पाच भाकरी होतात. आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढ्या भाकरी तर आमच्या घरी दोघांना पुरतात. खरं आहे. पण आपल्या ताटात त्यांच्यासोबत आमटी असते, भाजी असते, तेल असतं आणि आपण दिवसभर खुर्चीत बसलेले असतो. तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुदळ मारत होता, खडी फोडत होता, मातीच्या पाट्या वाहत होता, आणि त्याच्या पोटात त्या भाकरींखेरीज जवळजवळ काहीच जात नव्हतं. माइक डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकानं २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या शिध्याचे उष्मांक मोजले आहेत: सुमारे १६२७. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतल्या शिध्यापेक्षाही ते कमी भरतात, हे त्यानंच दाखवून दिलं आहे. तुलना अंगावर येणारी आहे. कोणाला ती भडक वाटेल. आकडा मात्र आकडा आहे.

या दराला पहिला जोरदार विरोध केला एका इंग्रज डॉक्टरनं. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी स्वच्छ बजावलं की एक पौंड धान्यावर माणूस अंगमेहनतीचं काम करू शकत नाही. किमान दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ, भाजी हवी. हाडाचे सापळे झालेले मजूर त्यांनी छावण्यांमध्ये फिरून स्वतः पाहिले होते. टेंपल यांचं उत्तर साधारण असं होतं की किती अन्न पुरेसं, याबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. तेव्हा प्रयोग करून पाहू. प्रयोग! लाखो जिवंत माणसांवर. मद्रासचे गव्हर्नर, ड्यूक ऑफ बकिंगहॅम, यांनी अखेर मे महिन्यात आपल्या इलाख्यापुरता दर वाढवला. मुंबई इलाख्यात मात्र काटकसरीचंच धोरण चाललं आणि त्याच मे महिन्यात मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले कोण, तर सर रिचर्ड टेंपल.

आपल्याकडे आवाज उठवला तो पुणे सार्वजनिक सभेनं. सभा स्थापन झाली १८७० साली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिचा प्राण होते. दिल्ली दरबाराला ते हातानं कातलेल्या-विणलेल्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले होते, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. त्याच वेळी सभेचे लोक दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करत होते, हे फारसं सांगितलं जात नाही. कुठल्या गावात किती पाऊस, किती जनावरं मेली, किती घरांना कुलपं, कामावर मजुरी किती मिळते, अशी माहिती जमवून सभा ती अर्जांच्या आणि वृत्तांतांच्या रूपानं सरकारपुढे ठेवत होती. न्यायमूर्ती रानडे तेव्हा पुण्यातच होते आणि या कामामागे त्यांची बुद्धी होती. सभेचा एक मुद्दा तर बिनतोड होता: सरकार तुरुंगातल्या कैद्याला जेवढं धान्य देतं, त्याहून कमी धान्य ते कोणताही गुन्हा न केलेल्या मजुराला देऊ करत आहे. तुरुंगातल्या शिध्याची ही मोजपट्टी दादाभाई नौरोजींनीही याच काळात, हिंदी माणसाचं उत्पन्न जगण्यापुरतंही नाही हे दाखवण्यासाठी वापरली होती.

यानंतर जे घडलं ते विलक्षण होतं. मजुरी कमी झाली आणि गावाजवळची कामं सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम आला, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो माणसांनी काम सोडलं. आकडा लाखाच्या घरात गेला. उपाशी माणसांचा संप! अशा संपात मालकाचं काही अडत नाही, अडतं ते संप करणाऱ्याचं. तरीही माणसं उठून गेली. काही आपल्या गावी परतली, काही निजामाच्या मुलखाकडे वळली. दंगा झाला नाही, दगडफेक झाली नाही. ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांनी दुसऱ्याच वर्षी या दुष्काळावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात या संपाची सविस्तर हकिकत आहे. सरकारनं यातून निष्कर्ष काय काढला? ज्या अर्थी माणसं काम सोडून जाऊ शकतात, त्या अर्थी त्यांना मदतीची तेवढी गरज नसावी!

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती का? तसं म्हणून मोकळं होणं मला बरं वाटत नाही. सरकारी तिजोरीत येणारा पैसा बव्हंशी शेतसाऱ्याचा होता. म्हणजे एका जिल्ह्यातल्या उपाशी कुणब्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या अर्धपोटी कुणब्याकडून वसूल केलेला. चांदीचा भाव घसरत होता आणि लंडनला पाठवायच्या रकमा त्यामुळे फुगत होत्या. सरकार खरेदीला उतरलं तर व्यापारी मागं सरतील, ही भीतीही निराधार नव्हती. आगगाडीनं मुंबई इलाख्यात खासगी व्यापाऱ्यांनी खरोखरच पुष्कळ धान्य आणलं. सोलापूरच्या बाजारात धान्य होतं.

पण नेमका इथंच तो सारा हिशोब फसतो. बाजारात धान्य आहे आणि भाव तिप्पट आहे, अशा वेळी शेतकऱ्याकडे नसतं काय? धान्य नव्हे, ते विकत घ्यायला लागणारा पैसा. बाजाराला हात लावायचा नाही असं एकदा ठरवलं, की माणसाला जगवण्याचं एकच साधन सरकारच्या हाती उरतं आणि ते म्हणजे मजुरी. ती पुरेशी दिली तर मोकळा व्यापारही उपयोगी पडतो. गाडीनं आलेलं धान्य त्याच्या पोटापर्यंत पोचतं. लिटन आणि टेंपल यांनी बाजार मोकळा ठेवला आणि मजुरी कापली. म्हणजे आपल्याच सिद्धांताचा जो अर्धा भाग माणसांना वाचवू शकला असता, तोच त्यांनी काढून टाकला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे शंभर वर्षांनी, १९८१ साली, दुष्काळात अन्नाच्या तुटवड्यापेक्षा ते मिळवण्याची ऐपत कशी महत्त्वाची असते, हे सविस्तर मांडलं. सोलापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या रिकाम्या हाताच्या माणसाला ते १८७७ सालीच कळलं होतं.

शिवाय कामाचा हिशोबही चुकीचा होता. मजुराला ठरावीक मोजमापाचं काम पुरं करावं लागे. अर्धपोटी माणसाच्यानं ते पुरं होत नसे. काम भरलं नाही की मजुरी आणखी कमी. मजुरी कमी झाली की दुसऱ्या दिवशी अंगात ताकद आणखी कमी. मुकादमाच्या वहीत असा माणूस ‘आळशी’ म्हणून नोंदला जाई, आणि काही दिवसांनी त्याचं नाव हजेरीतून गळे. पैसे वाचले म्हणावं तर रस्त्यांचं आणि तलावांचं कामही रेंगाळलं.

याच महिन्यांत दुसराही एक हिशोब चालला होता. पुण्याजवळ धनकवडीला महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडला होता. सुमारे हजार मुलांना तिथं जेवण मिळत होतं, आणि ते चालू राहावं म्हणून फुल्यांनी मे १८७७मध्ये लोकांना मदतीची विनंती केली. सावित्रीबाई त्याआधी एप्रिलमध्ये जुन्नर भागात ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं दुष्काळाविषयीचं पत्र आज उपलब्ध आहे. या मंडळींपाशी तिजोरी नव्हती. भाकरी किती उष्मांकांची हा प्रश्न त्यांना पडला नाही. मूल जेवून उठलं की नाही एवढंच ते बघत होते. अर्थात हजार मुलांना असं जेवू घालता येतं. लाखो माणसांना घालायचं तर तिजोरीच लागते, हेही विसरून चालणार नाही.

शेवटी किती माणसं गेली? १८८०च्या दुष्काळ आयोगानं ब्रिटिश मुलखापुरता अंदाज दिला तो साडेबावन्न लाखांचा. म्हैसूर, हैदराबाद धरून नंतरच्या अभ्यासकांचे आकडे ऐंशी लाखांपर्यंत आणि त्याही पुढे जातात. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे आठ लाख. यातले पुष्कळसे पाऊस पडल्यावर, हिवतापानं गेले. खंगलेल्या शरीरांनी तग धरली नाही. खर्च झाला सव्वाआठ कोटींच्या आसपास. बिहारच्या एका तुकड्यासाठी साडेसहा कोटी, आणि अर्ध्या द्वीपकल्पासाठी त्याहून थोडेच जास्त. त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जात होता, १८७७-७८ साली तर विक्रमी, सुमारे तीन लाख वीस हजार टन. १८७८ साली लिटन सरकारनं पुढच्या दुष्काळांसाठी म्हणून वेगळा निधी उभारला, त्यासाठी नवे कर बसवले आणि त्याच वर्षी अफगाण युद्ध सुरू झाल्यावर त्या निधीचा पैसा तिकडे वळल्याचा आरोप झाला. पुण्याच्या लष्करी हिशोब खात्यात कारकुनी करणारा वासुदेव बळवंत फडके नावाचा तरुण हे सगळं पाहत होता. फेब्रुवारी १८७९मध्ये धामारीवर त्यानं पहिला छापा घातला.

एक गोष्ट मात्र सरकारच्या पदरात टाकायला हवी. आयोगानं प्रामाणिकपणे कबूल केलं की दुष्काळ म्हणजे मुख्यतः रोजगाराचा आणि ऐपतीचा दुष्काळ असतो. त्यातून ‘फॅमिन कोड’ तयार झालं; दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामं कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, याची नियमावली. ती कडकच होती, पण लेखी होती. लेखी असण्याचा फायदा असा की ती कोणीही सरकारच्या तोंडावर टाकू शकतो. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांनी नेमकं हेच केलं. सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी नियमांचे मराठी तर्जुमे गावोगाव वाटले. हे तुमचे हक्क आहेत, भीक नव्हे, असं शेतकऱ्यांना सांगितलं. सरकार इतकं चिडलं की मार्च १८९७मध्ये त्यानं सभेची मान्यताच काढून घेतली.

आणखी पाऊणशे वर्षांनी, १९७२ साली, त्याच पट्ट्यात पुन्हा पावसानं दगा दिला. मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं आजही गावोगाव भेटतात. त्या वर्षी मे १९७३पर्यंत जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी तीच, पाटीही तीच. हाल झाले, जनावरं गेली, गावं ओस पडली. पण १८७७सारखी प्रेतांची रास पडली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली, मागेल त्याला काम देणारी योजना याच दुष्काळात महाराष्ट्रभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९पासून तो अमलात आला. कामाचा हक्क असा कायद्यानं देण्याची देशातली ही पहिलीच वेळ होती; पुढे २००५ साली केंद्रानं केलेल्या रोजगार हमी कायद्याला तिचाच कित्ता होता. तिच्यातही खोट्या हजेरीपटांपासून रखडलेल्या मजुरीपर्यंत पुष्कळ घाण शिरली, ती काही आपल्यापासून लपलेली नाही.

या योजनेचा पैसा कुठून आला, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. १९७५ साली राज्यानं शहरांतल्या नोकरदार आणि धंदेवाल्यांवर एक नवा कर बसवला. पगाराच्या पावतीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून जी छोटीशी रक्कम कापलेली दिसते, तोच हा कर. आपण दर महिन्याला ती पाहून थोडे कुरकुरतो. रोजगार हमीच्या खर्चासाठीच तो आणला गेला होता. म्हणजे सोलापूरच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी दादरच्या कारकुनानं भरायची, असं या राज्याच्या विधिमंडळात सगळ्या पक्षांनी मिळून ठरवलं होतं. टेंपल यांच्यापुढेही अर्थातच हाच प्रश्न होता: मजुरी कोणाच्या खिशातून द्यायची?

टेंपलसाहेब १८८० साली मुंबई सोडून विलायतेला गेले. दोन वर्षांनी त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि पुढे ते पार्लमेंटातही निवडून आले. त्यांच्या काळातल्या दुष्काळी कामांपैकी बरीच अजून वापरात आहेत. दौंड-मनमाड मार्गाचं सांगितलंच. नीरेच्या डाव्या कालव्याचं काम १८७६च्या दुष्काळातच सुरू झालं. पुढे भाटघरच्या धरणाचं पाणी त्यातून बारामतीकडे वाहू लागलं. तो ऊस, ते साखर कारखाने, सगळं त्या पाण्यावर उभं राहिलं. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात तर कालव्याच्या काठावर थोडं थांबा. तिथली माती वाहिली त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. मुकादमाच्या वह्याही आता उरलेल्या नाहीत.